हात मिळवा आणि कामाला लागा

कारखान्यात किंवा ऑफिसात दोन माणसांचं वाजलं की मॅनेजर काय करतो, हे मला आता तोंडपाठ झालं आहे. दोघांना केबिनमध्ये बोलावतो, दार लावून घेतो, चहा सांगतो. आपण सगळे एका कुटुंबातले आहोत, असं एकदा ऐकवतो. दोघांना मिनिटभर बोलू देतो, त्यातही मध्येच तोंड घालतो आणि शेवटी ‘चला, हात मिळवा आणि कामाला लागा’ म्हणून मोकळा होतो. संध्याकाळी वरच्या साहेबांना मेल जातो: इश्यू क्लोज्ड. केबिनमधून बाहेर पडलेली दोन माणसं पुढे महिनोन्‌महिने एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यातला एक गुपचूप दुसरी नोकरी शोधायला लागतो. आणि ज्याचं म्हणणं खरं होतं त्याला कळून चुकतं की इथे खरं बोलून काही उपयोग नाही. या दडपणुकीला हल्ली ‘कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट’ असं भारदस्त नाव आहे आणि ती शिकून घ्यायला कंपन्या पैसे मोजतात.

माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात, पर्सोनेल खात्यात गेली. आता कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. दोन्हीकडून मला एकच चित्र दिसलं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. कामाच्या ठिकाणची बहुतेक भांडणं व्यवस्थापनानेच लावलेली असतात, आणि ज्याने लावली तोच पंच म्हणून खुर्चीत बसतो. हे कबूल करायची तयारी नसेल तर मॅनेजरांना मध्यस्थीची कितीही कौशल्यं शिकवा, ती माणसांची तोंडं बंद करायलाच वापरली जाणार.

ती शिकवतात कशी, तेही बघा. लोणावळ्याला नाहीतर कर्जतला रिसॉर्टवर दोन दिवस. पहिल्या सकाळी थॉमस आणि किलमन यांची १९७४ सालची प्रश्नावली वाटतात. विधानांच्या तीस जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक निवडायचं, आणि बेरीज केली की कळतं, तुम्ही भांडणात चढाई करता, अंग काढून घेता, नमतं घेता, तडजोड करता की मिळून मार्ग काढता. प्रश्नावलीशी माझं वैर नाही. माणसाला स्वतःची सवय कळली तर बरंच आहे. पण त्या दोन दिवसांत मॅनेजरला एकदाही कुणी विचारत नाही की तुमच्या खात्यातून गेल्या वर्षी कोण कोण सोडून गेलं, ओव्हरटाइम कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, नाइट शिफ्टच्या पाळ्या कोण लावतं, सुट्टी कुणाची पटकन मंजूर होते. भांडण म्हणजे दोन माणसांच्या स्वभावांची टक्कर, हे आधीच धरून चाललेलं असतं. मग काय, राग कसा आवरावा, ‘तू’ऐवजी ‘मला असं वाटलं’ने वाक्य कसं सुरू करावं, मान किती हलवावी, एवढंच शिकवायचं उरतं.

दुपारच्या सत्रात संत्र्याची गोष्ट येतेच. दोन बहिणी एका संत्र्यासाठी भांडतात, अर्धं-अर्धं कापून दिलं जातं, आणि मागाहून कळतं की एकीला रस हवा होता आणि दुसरीला केकसाठी साल. हॉल टाळ्या वाजवतो. मला या गोष्टीचा संताप येतो, कारण ऑफिसातल्या भांडणात दोघांनाही रसच हवा असतो. इन्क्रिमेंटची रक्कम वरून ठरून आलेली असते. दहा जणांच्या टीममध्ये वरची श्रेणी दोघांनाच द्यायची आणि खालची एकाला द्यायचीच, असा हुकूम असतो. वर्षभर ज्यांनी एकमेकांना मदत करावी अशी अपेक्षा, त्यांना मार्चमध्ये एकमेकांच्या डोक्यावर पाय ठेवून वर चढायला लावायचं, आणि मग एकाने दुसऱ्याचं काम आपल्या नावावर दाखवलं की दोघांना ‘टीम स्पिरिट’वर व्याख्यान द्यायचं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने ही सक्तीची उतरंड २०१३ साली मोडीत काढली. आपल्याकडे ती अजून श्रद्धेने चालवणारे आहेत, आणि त्यांच्याच ट्रेनिंग कॅलेंडरवर मध्यस्थीची कार्यशाळाही असते.

खरं तर या विद्येचा पाया ज्यांनी घातला त्या मेरी पार्कर फॉलेट फार पुढचं बोलून गेल्या आहेत. १९२० च्या दशकातली ही अमेरिकन विदुषी. हार्वर्डच्या ग्रंथालयातला त्यांचा प्रसंग प्रशिक्षक आवडीने सांगतात: एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेट यांना बंद हवी, शेवटी कुणी बसलेलं नव्हतं त्या शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली, वारा आला आणि अंगावरही आला नाही. गोष्ट इथे संपवतात. पण फॉलेट असंही म्हणत होत्या की हुकूम माणसाने माणसाला द्यायचा नसतो. समोरची परिस्थिती काय मागते ते दोघांनी मिळून शोधायचं आणि दोघांनी त्याच्यापुढे मान तुकवायची. म्हणजे साहेबानेसुद्धा. एवढा भाग स्लाइडवर येत नाही, कारण कार्यशाळेचे पैसे साहेबच देतो.

परिस्थिती काय मागते, हे शोधायचं म्हणजे काय ते एका मशीनवर दाखवते. कंपनीचं नाव सांगत नाही. सीएनसी टर्निंगची लाइन होती. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची आणि दुसरी चढायची, आणि एका ठरावीक मशीनवर रोज त्याच वेळी शिवीगाळ व्हायची. एक दिवस कॉलर धरण्यापर्यंत गेलं. पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर कायम होता, पंधरा-वीस वर्षांचा जुना. दुसऱ्या शिफ्टचा ठेकेदाराकडून आलेला, लातूरकडचा पोरगा. मॅनेजरने दोघांना केबिनमध्ये नेलं, चहा पाजला, हात मिळवायला लावले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं. या वेळी चहा नव्हता. ठेकेदाराला फोन गेला, ‘उद्यापासून त्याला पाठवू नका.’ गेटपास काढून घेतला. झालं, मिटलं. त्याच्या जागी तिसरा माणूस आला आणि आठवडाभरात त्याचंही त्याच कायम ऑपरेटरशी, त्याच वेळी, त्याच शब्दांत वाजलं. मॅनेजरचं निदान ठरलेलं होतं: जुना माणूस खडूस आहे, त्याला समज देऊ.

मी शिफ्ट बदलताना मशीनपाशी उभी राहिले आणि स्टोअरचं रजिस्टर मागवलं. कापणाऱ्या टूलला इन्सर्ट असतो. त्याची धार झिजली की जॉबचा व्यास वाढत जातो, मग ऑपरेटर ऑफसेट देऊन माप परत आणतो. असं थोडा वेळ चालतं. धार पार गेली की ऑफसेटने भागत नाही, इन्सर्ट बदलावाच लागतो. आता या कारखान्याचा नियम बघा. इन्सर्टचा खर्च शिफ्टच्या नावावर पडायचा आणि महिन्याअखेर तो बोर्डावर लागायचा. त्यामुळे शिफ्ट सुटायच्या तासभर आधी धार गेली तरी पहिल्या शिफ्टचा माणूस इन्सर्ट बदलत नव्हता. ऑफसेट देत देत वेळ काढायचा. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाच्या हाती मशीन यायचं ते मरायला टेकलेल्या धारेसह. त्याचे पहिले जॉब मापात यायचे आणि मग फिनिश बिघडायची, बर यायचा, माप सुटायचं. रिजेक्शन कुणाच्या नावावर? तपासणीत ते ज्या शिफ्टमध्ये सापडलं तिच्या. इन्सर्ट वाचवणाऱ्याचं कौतुक आणि जॉब वाया घालवणाऱ्याला मेमो. दोन रजिस्टरांनी दोन माणसांना एकमेकांच्या नरडीवर बसवलं होतं, आणि ती दोन्ही रजिस्टरं मॅनेजरच्या सहीने चालत होती. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं ते असं.

उपाय एका सेटरने सुचवला, जो रोज ते भांडण ऐकत होता आणि ज्याला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. ‘मॅडम, इन्सर्ट मशीनच्या नावावर टाका, शिफ्टच्या नको.’ लॉगबुकात दोन रकाने वाढवले: शेवटच्या जॉबचं माप आणि इन्सर्टची किती धार शिल्लक. दोन्ही शिफ्टचे ऑपरेटर दहा मिनिटं एकत्र मशीनवर, त्या दहा मिनिटांचे पैसे कंपनीने द्यायचे. भांडण थांबलं. खडूस म्हणून ज्याला समज द्यायची होती तो ऑपरेटर पुढे नव्या पोरांना ऑफसेटचं काम शिकवत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लातूरकडच्या पोराला परत बोलवा म्हणून मी लेखी दिलं. उत्तर आलं की तो आपला कामगार नव्हता. खरंच, कंपनीच्या कागदावर तो कधी नव्हताच. ज्याच्या बोलण्यात सगळ्यात जास्त तथ्य होतं त्याला सगळ्यात आधी बाहेर काढलं, आणि त्या महिन्याच्या अहवालात ‘तक्रारी: निरंक’ असं छापलं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

कंत्राटी माणसाच्या बाबतीत तर मध्यस्थीचं नाटकसुद्धा कुणी करत नाही. आज चाकण-रांजणगावात मशीनवर उभी असलेली कितीतरी माणसं ठेकेदाराची आहेत. त्यांचं भांडण मिटवायला एक फोन पुरतो. म्हणून मॅनेजरांना मी स्पष्ट सांगते: तुमच्या खात्यात वाद झाला आणि दोघांपैकी एक कंत्राटी असेल, तर तो कामावर राहील एवढी हमी आधी द्या. ती देता येत नसेल तर दोघांना एका टेबलावर बसवायचा तुम्हाला अधिकार नाही. एकाला नोकरीची शाश्वती आणि दुसऱ्याला उद्याच्या गेटपासची चिंता, अशा दोघांत बोलणी होत नाहीत. एक बोलतो, दुसरा ‘हो साहेब’ म्हणतो.

कुणी म्हणेल, मग मॅनेजरने हातावर हात धरून बसायचं का? मुळीच नाही. कारण खरंच दोघांमधलंच असेल, कुणी कुणाला उणं बोललं असेल, जुना राग असेल, गैरसमज झाला असेल, तर मध्यस्थी करावीच. ती करणं हे मेहनतीचं काम आहे. आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं, आणि आपल्या केबिनमध्ये नाही. कँटीनच्या कोपऱ्यात, ट्रेनिंग रूममध्ये, कुठेही, पण तुमच्या खुर्चीपासून लांब. पहिल्या भेटीत काही सुचवायचं नाही. ऐकायचं आणि जे ऐकलं ते त्याच माणसाला परत सांगायचं, तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत. मग दुसऱ्याला. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं असेल तर आधी त्याची परवानगी. समोरासमोर आणायचं ते दोघं तयार असतील तेव्हाच. आणि ठरलेलं साध्या मराठीत लिहायचं: कोण काय करणार, कोण काय बंद करणार, कधीपासून. तीन आठवड्यांनी पुन्हा दोघांकडे जायचं. हा शेवटचा भाग तर मॅनेजर हमखास गाळतात. तीन आठवड्यांनी गेलं तर कळेल ना, मिटलं नाही म्हणून.

आणि हे सगळं करणारा माणूस दोघांच्या अप्रेझलवर सही करणारा नसावा. मध्यस्थीसाठी २०२३ साली देशाने कायदा केला. त्यात मध्यस्थाने काम हाती घेण्याआधीच आपले हितसंबंध दोन्ही पक्षांना लेखी कळवायचे असतात. तोडगा लादायचा त्याला अधिकार नाही, आणि बोलण्यात जे निघालं ते गुप्त राहतं. खात्यातला मॅनेजर काही या कायद्याखाली नेमला जात नाही, हे मला माहीत आहे. पण मध्यस्थ म्हणवून घ्यायचं तर निदान एवढी लाज बाळगावी. ज्याच्या हातात पगारवाढ आहे, बदली आहे, सुट्टी आहे, त्याच्यासमोर माणूस मोकळं बोलेल ही अपेक्षाच खोटी आहे. तो मोजून-मापून बोलतो, आणि मॅनेजर ते ऐकून ‘दोघंही समजूतदार आहेत’ असा शेरा मारतो.

१९१८ चा अहमदाबादचा गिरणी लढा मला म्हणूनच वारंवार आठवतो. त्यातली माणसं किती जवळची होती बघा. गिरणी मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि मजुरांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. प्लेगच्या साथीत मजूर शहर सोडून जाऊ नयेत म्हणून दिलेला बोनस मालकांनी काढून घेतला आणि महागाई तर वाढत होती. मजूर ५० टक्के वाढ मागत होते, मालक २० टक्क्यांवर अडले होते. गांधीजींनी आधी गिरण्यांचा आणि मजुरांच्या खर्चाचा हिशेब मांडला, ३५ टक्के रास्त म्हणून सांगितलं, आणि मग ते उघडपणे मजुरांच्या बाजूने उभे राहिले. साबरमतीकाठी बाभळीखाली रोज सभा व्हायची. मजूर डगमगायला लागले तेव्हा त्यांनी उपास धरला आणि तीन दिवसांत मालक बोलणीला आले.

तोडगा निघाला तो विलक्षण होता. मजुरांनी ३५ टक्क्यांशिवाय कामावर जाणार नाही अशी प्रतिज्ञा केली होती, मालकांनी २० च्या वर देणार नाही अशी. म्हणून ठरलं की कामाच्या पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल येईपर्यंत दोन्हींच्या मधले साडेसत्तावीस. दोघांचाही शब्द राहिला, कुणाचीच मान खाली गेली नाही. लवाद म्हणून नेमले प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव, आणि त्यांनी पुढे ३५ टक्केच दिले. गांधीजींना खरं तर सगळे मानत होते, मालकही. तरी निकाल त्यांनी स्वतः दिला नाही, कारण ते एका बाजूला उभे होते. शिवाय उपासाचा मालकांवर प्रेमापोटी दबाव आला आणि तेवढा दोष त्या लढ्यात राहिला, हे त्यांनी आत्मकथेत मान्य केलं आहे. अहमदाबादेत एवढं सगळं करावं लागलं: हिशेब, बाजू घेणं, बाजू घेतल्यावर निवाड्यातून बाजूला होणं, समोरच्याची आब राखणं. आमच्या मॅनेजरला यातलं काही न करता पाच वाजायच्या आत वाद संपवायचा असतो.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. काही वाद मध्यस्थीचे नसतातच. बाईचा छळ, जातीवरून शिवी, अंगावर हात, धमकी: इथे चौकशी करायची असते. आणि नेमक्या याच प्रकरणांत मॅनेजरच्या अंगात मध्यस्थ संचारतो. एका तक्रारीत आमच्यापुढे आलेली बाई डिस्पॅचमध्ये होती. वरिष्ठ उगाच अंगचटीला यायचा, रात्री मेसेज टाकायचा. तिने आधी मॅनेजरला सांगितलं, कारण कुणालाही आधी तेच सुचतं. मॅनेजरने काय करावं? दोघांना समोरासमोर बसवलं, ‘समज-गैरसमज दूर करायला’. तो स्वभावाने चांगला आहे, दोन मुलींचा बाप आहे, असं तिला ऐकवलं. त्याच्याकडून ‘तसं वाटलं असेल तर सॉरी’ म्हणवून घेतलं. आणि मग जागा तिची बदलली, त्याची नाही. मेसेज थांबले नाहीत. ती पुन्हा मॅनेजरकडे गेली, त्याने पुन्हा थोडं थांबायला सांगितलं. असं करत समितीकडे तक्रार आली तेव्हा चार महिने उलटले होते.

कायद्याने तक्रारीला मुदत तीन महिन्यांची आहे. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. आम्ही वाढवली आणि कारण स्पष्ट लिहिलं: मॅनेजरने थांबवून ठेवलं. मॅनेजर आमच्यासमोर दुखावलेल्या चेहऱ्याने म्हणाला, ‘मी तर दोघांचं भलं बघत होतो.’ त्याला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १० कुणी दाखवलंच नव्हतं. समेट करता येतो, पण तो समितीने, तोही त्या बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशांची देवाणघेवाण हा त्या समेटाचा पाया असू शकत नाही. मॅनेजरला यात मध्यस्थ व्हायची जागाच ठेवलेली नाही. हे कायदा करणाऱ्यांनी उगाच केलेलं नाही. चहाच्या कपावर मिटवलेल्या अशा प्रकरणांत बाईला तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसतो, हे त्यांना माहीत होतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकलेली ‘दोन्ही बाजूंना समान वागणूक’ इथे सरळ अन्याय करते. ज्याने त्रास दिला आणि ज्याला झाला, त्यांना एका मापाने मोजते.

याचा अर्थ आरोप झाला की माणूस दोषी, असं मी म्हणत नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात बडतर्फीचा आदेश रद्द केला, कारण चौकशी घाईने उरकली होती आणि आरोपीला आपली बाजू नीट मांडू दिली नव्हती. पुन्हा चौकशी करा म्हणून सांगितलं. तक्रारी २००९ सालच्या होत्या. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. यात तक्रार करणाऱ्या मुलींना काय मिळालं? चौकशी नीट केली नाही की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं, आणि जास्त नुकसान तक्रार करणाऱ्याचं. म्हणून चौकशी शांतपणे, कागदोपत्री, दोघांनाही पूर्ण संधी देऊन व्हायला हवी. त्या वाटेवर ‘मिटवून टाकू या’ म्हणणारा मॅनेजर मध्ये उभा राहिला की तो सगळ्यांचीच वाट अडवतो.

वेळेवर ऐकलं नाही तर गोष्ट कुठवर जाते? हरियाणातल्या मानेसरला मारुती सुझुकीच्या कारखान्यात १८ जुलै २०१२ ला सकाळी एक कामगार आणि एक सुपरवायझर यांच्यात वाजलं. युनियन म्हणाली जातीवरून बोलला, व्यवस्थापन म्हणालं कामगाराने मारलं. कामगाराला निलंबित केलं. संध्याकाळपर्यंत कारखान्यात जाळपोळ झाली होती आणि एचआरचे जनरल मॅनेजर अवनीश कुमार देव त्या आगीत गेले. २०१७ मध्ये तेरा जणांना जन्मठेप झाली. त्या खुनाचं समर्थन होऊच शकत नाही. पण आदल्या वर्षी त्याच कारखान्यात युनियनच्या मान्यतेवरून आणि कामाच्या अटींवरून संपावर संप झाले होते, आणि त्यातून दोन्ही बाजूंचा एकमेकांवरचा विश्वास पार उडाला होता. सकाळच्या भांडणात नेमकं काय झालं हे शोधून काढणारं, दोघांनाही मान्य असं कुणी उरलंच नव्हतं. माझ्या पर्सोनेलच्या व्यवसायातला एक माणूस त्यात गेला, आणि मानेसरचं नाव निघालं की आमच्या लोकांची चर्चा अजून फक्त सुरक्षारक्षक किती ठेवायचे इथेच थांबते.

असं कुणी असावं म्हणून कायद्याने जागा करून ठेवली आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० पासून होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे: मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी, तीस दिवसांत निकाल. पण मी पाहिलेल्या कित्येक समित्या कागदावरच्या होत्या. नावं बोर्डावर, बोर्ड कँटीनमागे, आणि कामगारांच्या बाजूने कोण आहे हे मॅनेजरनेच ठरवलेलं. समितीतल्या कामगाराला विचारलं तर त्याला आपण सभासद असल्याचंही माहीत नाही, असंही झालं आहे. ही समिती जिवंत करायला कंपनीला फार खर्च नाही. निवडणूक घ्यावी लागेल, महिन्यातून दोन तास द्यावे लागतील, आणि निकाल मॅनेजरच्या विरुद्ध गेला तर तो पाळावा लागेल. घोडं अडतं ते या शेवटच्या अटीवर.

आणि ते अडतं कारण मॅनेजरच्या स्वतःच्या अप्रेझलमध्ये एक रकाना असतो: खात्यातल्या तक्रारी, उद्दिष्ट शून्य. ज्याचं बक्षीस शून्यावर ठरलं आहे तो तक्रार ऐकेल कशाला? तो ती केबिनमध्येच गाडेल, आणि त्या कामासाठी मध्यस्थीचं प्रमाणपत्र त्याला फार उपयोगी पडतं. कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या अहवालात आता लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि नव्वद दिवसांवर किती रेंगाळल्या, हे आकडे द्यावे लागतात. २०२५ ची ही सुधारणा चांगली आहे. पण हजारो माणसं कामाला असलेल्या कंपनीने तिथेही अभिमानाने शून्य लिहिलं की मला त्या कंपनीतल्या बायकांची काळजी वाटते.

म्हणून यंदा मध्यस्थीच्या कार्यशाळेसाठी ज्यांनी मला विचारलं त्यांना मी एकच अट घातली आहे. तो शून्याचा रकाना आधी फॉर्ममधून काढा. त्याच्या जागी प्रत्येक मॅनेजरला विचारा: तुमच्या खात्यात गेल्या वर्षी ज्यांनी तक्रार केली, ती माणसं आज कुठे आहेत? त्याच जागेवर, त्याच पगारावर, त्याच शिफ्टला किती जण काम करत आहेत, कंत्राटी धरून?